गुळव्याची जीभ

मधुमिता मराटीकोप्पलूत पहिल्यांदा आली ती एका मंगळवारी, सकाळच्या बसने, आणि दुपारपर्यंत तिला कुणी पाठवलं याबद्दल गावात तीन मतं झाली होती. साखरेच्या आजारात काय खावं हे सांगायला शाळेच्या पडवीत तिने खडूने एक मोठं ताट काढलं. अर्ध्या ताटात भाज्या लिहिल्या, पाव ताटात डाळ, आणि उरलेल्या कोपऱ्यात भात. एवढासा भात बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रेशनचा तांदूळ फुकट मिळत असताना एखादी पोरगी म्हैसूरहून येऊन भात कमी खा म्हणते, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. तांदूळ बंद करायचा डाव आहे, असं एक मत होतं. विम्यावाल्यांना यादी हवी असेल, हे दुसरं. तिसरं मत खंडोजीरावांचं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"साखर कारखान्याची माणूस हाय ही. आमची आलेमने बंद पाडायला आलीय."

गुऱ्हाळाला तिकडे आलेमने म्हणतात. मराटीकोप्पलूतले लोक मुळात म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेतले घोडेस्वार. घोडे गेले, जमीन राहिली, कालव्याचं पाणी आलं आणि स्वारांची नातवंडं ऊस लावू लागली. तलवारी आता फक्त खंडेनवमीला माळ्यावरून खाली येतात. मराठी घरात बोलतात, पण अर्धी कन्नड मिसळून, आणि हे मिसळलंय हे त्यांना कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. खंडोजीरावांच्या घरचं आलेमने कालव्याच्या कडेला होतं आणि घराण्यात चार पिढ्या गुळव्यांच्या झाल्या होत्या. मुलगा भुवन मात्र म्हैसूरला, हेब्बाळच्या कारखान्यात लागला. पहाटे कंपनीची बस धरायचा, अंधारात परत यायचा.

मधुमिताही मराठीच निघाली, म्हैसूरच्या सरस्वतीपुरमची. आपल्यातली म्हटल्यावर संशय कमी व्हायला हवा होता, तो वाढला. आपली माणसं काही काम असल्याशिवाय येत नाहीत, हे गावाला अनुभवाने माहीत होतं.

तरीही तिने बोटं टोचून रक्तातली साखर मोजायचं मशीन काढलं तेव्हा रांग लागली, कारण जे फुकट आहे ते सोडायचंही नव्हतं. खंडोजीरावांचा आकडा आला तीनशे बारा. तिने दुसरं बोट टोचून पुन्हा बघितलं.

"काका, मॉर्निंग काय खाल्लं?"

"भात-सारू. मग चा. चात साखर न्हाई हं, गूळ. आमच्या घरात साखर शिरलीच न्हाई आजवर."

"गूळ पण सेमच, काका. रक्ताला डिफरन्स कळत नाही."

खंडोजीराव हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. गुळव्याला गूळ आणि साखर एकच म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या बापावर जाण्यासारखं होतं. आणि बापाचा विषय त्या घरात कुणी काढत नसे. नागोजीरावांचा पाय अंगठ्यापासून काळा पडत गेला, म्हैसूरला नेऊन गुडघ्यातून काढला, आणि महिन्याच्या आत ते गेले. उसात काहीतरी चावलं असणार, असं घरात सांगायची पद्धत होती. त्या पायाचं मलमपाणी खंडोजीरावांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी केलं होतं, नवी सून असताना. तीनशे बारा म्हणजे किती हे त्यांना कळलं नाही, पण मधुमिता "पाय बघून घ्या रोज" असं म्हणाली तेव्हा त्यांची नजर नवऱ्याच्या पायांकडे गेली, आणि पुढे महिनाभर ती वरचेवर तिकडेच जात राहिली. तळवे मात्र ते बघू देत नसत.

पोरीवर गिरिजाबाईंचाही विश्वास नव्हताच. पण सासऱ्यांच्या पायाचा वास त्यांच्या नाकात अजून होता. त्यांनी ठरवलं की कारखान्याची असो नाहीतर विम्याची, ही सांगते ते करून बघायचं.

कोरडवाहू तुकड्यातली नाचणी दरवर्षी सगळी विकली जायची. यंदा दोन पोती घरात राहिली. सकाळी चूल पेटली की गिरिजाबाई मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, घोटायला बसत. भांडं दोन पायांत धरायचं आणि जाड काठीने पीठ फिरवत राहायचं, दंड भरून येईपर्यंत. सून सुमा बांधावरून ओंजळभर का होईना पण सोप्पू, म्हणजे पालेभाजी, खुडून आणायची. हुलग्याचं सारू, एक मूठ भात, वर काकडी. खंडोजीराव मुद्द्याचा गोळा सारूत बुडवायचे आणि न चावता गिळायचे. मुद्दे चावून खायचे नसतातच, पण त्यांच्या गिळण्यात राग असायचा.

"कैद्याला बरं देतात यापेक्षा," ते म्हणायचे.

"खावा सुम्मने," गिरिजाबाई म्हणायच्या. गपगुमान खा, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या मंगळवारी आकडा दोनशे अठ्ठ्याण्णव आला. त्यापुढच्या मंगळवारी तीनशे पाच. औषधाच्या गोळ्या चालू झाल्या, त्याही वेळेवर पोटात जात होत्या, गिरिजाबाई समोर उभ्या राहून तोंड उघडायला लावत. चौथ्या मंगळवारी तीनशे दहा.

त्या दिवशी मधुमिता स्वयंपाकघरात आली. पाणी मागितलं, पण तिची नजर डब्यांवरून फिरत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, खरं सांगा हं. तुम्ही मध्येच काही देता का त्यांना? प्रेमानं म्हणून?"

गिरिजाबाईंचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातच्या जेवणावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि दंड दुखेपर्यंत घोटल्यावर हे ऐकायची वेळ आली होती.

"मी देते?" त्या म्हणाल्या. "मी?"

"असं नाही काकू, मशीन खोटं बोलत नाही ना, म्हणून."

ती गेल्यावर गिरिजाबाईंनी गुळाच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. नवऱ्याचा सदरा धुवायला घेताना खिसे उलटे केले. ते बाहेरून आले की काहीतरी विचारायच्या निमित्ताने जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. गुळाचा वास येत होता, पण तो त्यांच्या अंगाला बारा महिने यायचा. मग सुमाचा संशय आला. सासऱ्याची लाडकी होती, चहा तीच न्यायची.

"तू घालतीस चात गूळ?"

सुमा भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही. "अत्ते, मी मामांना पाणी पण तुम्हाला विचारून देते," ती म्हणाली. "तिकडं आलेमनेत ढिगानं गूळ पडलाय, आणि तुम्ही हितं डब्याला कुलूप लावलंय."

गिरिजाबाईंना सुनेचा राग आला. मग तो उतरला, कारण पोरगी बरोबर बोलली होती.

आता आलेमनेत जाऊन बघायचं म्हणजे सोपं नव्हतं. त्या घरात एक रीत होती. बायकांनी घाण्यात ऊस लावावा, चिपाडं वाळत घालावी, साच्यातून निघालेले गुळाचे अच्चु पोत्यात भरावे. पण काहिलीभोवती दगडांची एक ओळ मांडलेली होती, रस चढला की त्या दगडांच्या आत बाईने पाऊल टाकायचं नाही. काहील रुसते, पाक बसत नाही, असं म्हणत. गिरिजाबाई लग्न होऊन आल्या त्या हंगामापासून बाहेरच्या अंगाला अच्चु भरत होत्या. नवरा आत नेमका काय करतो हे त्यांनी पाठमोरंच काय ते बघितलं होतं.

संक्रांतीला दहा दिवस होते. एळ्ळु-बेल्ल्यासाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या तिळगुळासाठी, म्हैसूरच्या दुकानदारांना लहान अच्चु हवे होते, त्यामुळे दिवसाला पाच-पाच काहिली उतरत होत्या. सकाळी सातला धुकं कालव्यावर बसलेलं असताना गिरिजाबाई चिपाडांच्या गंजीआड जाऊन उभ्या राहिल्या. थंडीने त्यांचे दात वाजत होते. खंडोजीरावांचा चुलतभाऊ संताजीराव चुलवणात चिपाडं सारत होता आणि तंबाखूची पिंक बाजूला टाकत होता. खंडोजीराव काहिलीशी उभे होते, अनवाणी, धोतर गुडघ्याच्या वर खोचून. काहिलीपाशी पायात काही घालायचं नाही, हीही तिथली रीतच.

रसावरची मळी निघाली, रंग उतरला, रस तांबूस होऊन फुगायला लागला. मग खंडोजीरावांनी लांब काडी बुडवली. टोकाचा पाक पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांत चोळला आणि तोंडात टाकला. थोडं थांबले. पुन्हा काडी, पुन्हा पाणी, पुन्हा तोंड. गिरिजाबाई मोजत होत्या. एका काहिलीला नऊ वेळा. नवव्या वेळी त्यांनी डोळे अर्धे मिटले, ओठ चाटले आणि म्हणाले, "उतरवा." चौघा गड्यांनी काहील उचलून वाफ्यात, गूळ थंड करायच्या पसरट हौदात, ओतली. तळाला राहिलेलं त्यांनी बोटाने निपटून घेतलं, तेही तोंडात गेलं.

नऊ गुणिले पाच, वर तळाचं. गिरिजाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या घरी नाचणी घोटत होत्या आणि हे इथे.

दुसरी काहील चढली. ती उकळीला आली तेव्हा पाकाचा एक मोठा थेंब फुटून उडाला आणि खंडोजीरावांच्या उजव्या पायावर, करंगळीशी पडला. तो पाक अंगावर पडला की माणूस उड्या मारतो, संताजीरावाच्या हातावर त्याचे जुने डाग होते. खंडोजीराव हलले नाहीत. काडी पाण्यात धरून तसेच उभे राहिले. पायावर पाक घट्ट होत होता, आणि त्याच्या कडेची कातडी आकसताना गिरिजाबाईंना गंजीआडून दिसत होती.

"दादा, पाय," संताजीराव म्हणाला.

खंडोजीरावांनी खाली बघितलं. मग दुसऱ्या पायाच्या टाचेने, चिखल काढावा तसा, तो पाक खरवडून काढला. त्याबरोबर कातडी निघाली.

गिरिजाबाई दगडांची ओळ ओलांडून आत गेल्या. आपण काय करतोय हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं. त्यांनी खाली बसून नवऱ्याचा पाय दोन्ही हातांत धरला आणि तळवा वळवून बघितला. तळव्याला आणखी दोन जुने चटके होते, एक अजून ओला.

"कधीपासून हाय हे?"

"काय हाय? बाहेर हो तू. रस चढलाय."

"दुखत न्हाई तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि पाय सोडेनात.

मधुमिताला फोन गेला. तीच दोघांना म्हैसूरच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरने एक नायलॉनचा राठ धागा काढला आणि खंडोजीरावांना डोळे मिटायला लावले. तळव्याला धागा लागला की सांगायचं होतं. डॉक्टरने दहा ठिकाणी टेकवला, त्यातल्या आठ ठिकाणी खंडोजीराव गप्प बसले. आपण फार वेळ गप्प आहोत हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. मग ते आणखी दोनदा "लागलं" म्हणाले, पण तेव्हा डॉक्टर कागदावर लिहीत होता, धागा तळव्याला टेकलाही नव्हता. गिरिजाबाईंनी मान दुसरीकडे वळवली. नवऱ्याला असं पकडलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर कन्नडमध्ये सरळ बोलला. पाय अजून आहे. साखर अशीच राहिली तर वर्षाने असेल याची खात्री नाही. विस्तवाजवळ अनवाणी उभं राहायचं नाही, आणि तोंडाला आवर घालायचा.

परतीच्या बसमध्ये मधुमिता म्हणाली, "काका, ते टेस्ट करणं बंद करा ना. दिवसाला मूठभर गूळ जातो पोटात."

"ते खाणं न्हवं," खंडोजीराव म्हणाले. पाय दुखत नसला तरी त्यांचा मान दुखावला होता. "ते काम हाय. काहील गुळव्याच्या जिभेवर उतरते. चाखल्याशिवाय कसं कळणार पाक झाला का न्हाई? माझे वडील चाखायचे, त्यांचे वडील चाखायचे. तुझ्या ताटात हाय का कुठं गुळव्याचं काम लिहिलेलं?"

गिरिजाबाईंना पहिल्यांदाच नवऱ्याची कीव आली. चोरून खातात म्हणून त्यांनी खिसे उलटे केले, तोंडाचे वास घेतले, आणि हा माणूस कामापायी पाय घालवत होता.

"मग दुसऱ्या कुणीतरी चाखलं तर?" मधुमिता शेवटी म्हणाली.

"संताजीच्या जिभेला तंबाखूनं काही ठेवलं न्हाई. भुवन हेब्बाळला."

"मी चाखते," गिरिजाबाई म्हणाल्या.

खंडोजीराव त्यांच्याकडे वळले. "बायकांनी दगडांच्या आत यायचं न्हाई."

"परवाच आले की मी आत. ती काहील बसलीच ना? मी भरले तिचे अच्चु."

जीभ लागते असं खंडोजीरावांनी स्वतःच बसभर सांगितलं होतं, आणि आता समोर एक जीभ आली होती. ते खिडकीकडे वळून बसले.

संक्रांत चार दिवसांवर आली. दुकानदारांना द्यायच्या अच्चूंपैकी निम्मे अजून व्हायचे होते आणि तोडलेला ऊस जेमतेम दोन काहिलींचा उरला होता. खंडोजीराव दगडांच्या बाहेर स्टुलावर बसले. पायाला पट्टी, त्यावर भुवनने आणलेला कारखान्यातला जाड बूट. गिरिजाबाई काहिलीशी उभ्या राहिल्या, सुमाच्या जुन्या चपला घालून. संताजीरावाने चपलांकडे बघितलं आणि तो चिपाडं सारू लागला.

रस फुगला. गिरिजाबाईंनी बघितलं होतं तसं सगळं केलं. काडी बुडवली, पाण्यात सोडली, बोटांत चोळली, तोंडात टाकली. गोड लागलं. पुन्हा केलं, पुन्हा गोडच. सहाव्या वेळी त्यांना वाटलं, आता जास्त गोड आहे. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. खंडोजीराव कालव्याकडे बघत होते.

"उतरवा," गिरिजाबाई म्हणाल्या.

गूळ साच्यात भरला, दोन तास वाट बघितली, साचे उलटे केले. अच्चु निघालेच नाहीत. मऊ, चिकट लगदा साच्याला धरून राहिला, आणि तो खरवडताना सुमाची नखं भरली.

"बघितलंस?" खंडोजीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याची खूण नव्हती. उलट जरा बरं वाटल्यासारखंच ते बोलले, आणि गिरिजाबाईंना ते झोंबलं. यांना आधीच कळलं होतं, कच्चा आहे हे माहीत असून हे गप्प बसले, असा संशय त्यांच्या मनात आला. तो त्यांनी तोंडावर आणला नाही. त्यांनी फक्त काहील धुवून घ्यायला सांगितली.

शेवटचा रस चढला. हाही गेला तर संक्रांतीचा माल गेला आणि दुकानदार पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात जाणार. रस तांबडा होऊन फुगला तशा गिरिजाबाई चाखायला लागल्या. घाईत काडी पाण्यात न बुडवताच जिभेला लावली, जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा काडी बुडवली. आता गोडही कळेना.

"वहिनी, सांगा काहीतरी," संताजीराव म्हणाला. "तळाला धरायला लागलंय."

त्यांनी परत काडी उचलली. खंडोजीराव स्टुलावर पुढे सरकून बसले होते. पाकाचे बुडबुडे लहान होत चालले होते, ते त्यांना तिथून दिसत होते, आणि अजून किती वेळ आहे हेही कळत होतं. ते एकदा उठले. बुटातल्या पायाकडे बघितलं. दगडांच्या ओळीशी येऊन थांबले.

"चाखू नको," ते म्हणाले.

गिरिजाबाईंची काडी तोंडाशी थांबली. "मग?"

"जिभेला कच्चं-पक्कं कळत न्हाई. पाण्यात टाक आणि बोटांनी गोळी वळ. पसरली तर कच्चा. घट्ट आली की भांड्यावर मार, टण् वाजली की उतरव. अष्टे. एवढंच हाय."

संताजीरावाचा चिपाडं सारणारा हात थांबला. बाहेर साचे पुसणारी सुमा जागेवर उभी राहिली. गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही, वेळ नव्हता. त्यांनी पाक पाण्यात सोडला. गोळी पसरली. थांबून पुन्हा सोडला. गोळी वळली, पण मऊ होती. तिसऱ्या वेळी ती बोटांत कडक आली. त्यांनी ती भांड्याच्या कडेवर मारली आणि आवाज झाला.

"उतरवा."

काहील वाफ्यात रिकामी झाली. पाक पसरला आणि कडेपासून घट्ट व्हायला लागला, त्याचा रंग बघूनच संताजीरावाने सुटकेचा निःश्वास टाकला. तळाला राहिलेला गूळ सवयीप्रमाणे कुणी निपटला नाही. गिरिजाबाईंनी काडी पदराला पुसली आणि दगडांपाशी आल्या. भाजलेल्या जिभेने त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

"मग इतकी वर्षं चाखायचात कशाला?"

खंडोजीरावांनी बुटाकडे बघितलं.

"गोड लागतं म्हणून," ते म्हणाले.